भोसरीत ४२ गिगाहर्ट्झचा जायरोट्रॉन बनवायचा झाला तर

प्रश्न थोडक्यात असा: भोसरी एमआयडीसीत अचूक सीएनसी मशिनिंगचं वर्कशॉप आहे, जोडीला पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा मायक्रोवेव्ह गट आहे. दोघांना मिळून मिलिमीटर तरंगांचा मोठ्या शक्तीचा स्रोत, म्हणजे जायरोट्रॉन नावाची निर्वात नळी, बनवायची आहे: ४२ गिगाहर्ट्झ, २०० किलोवॅट, सुरुवातीला अगदी छोट्या पल्समध्ये. कॅव्हिटीचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांची ऊर्जा जिथे तरंगात उतरते त्या तांब्याच्या पोकळीचं, सिम्युलेशन झालं आहे. पुढे काय काय लागेल आणि घोडं कुठे अडेल?

कॅव्हिटी हा या नळीतला सगळ्यात सोपा भाग आहे, तेव्हा सिम्युलेशन झालं म्हणजे निम्मं काम उरकलं असं समजू नका. ६५ किलोव्होल्टला १० अँपिअरचा इलेक्ट्रॉन बीम म्हणजे ६५० किलोवॅट. त्यातले २०० बाहेर पडले तर नळी उत्तम चालली म्हणायचं. उरलेले ४५० किलोवॅट आतच राहतात. बीम नीट तयार करणं आणि काम झाल्यावर त्याची नीट विल्हेवाट लावणं, यातच सगळी मेहनत आणि बहुतेक पैसा जातो. उत्तराचा भर त्यामुळे तिथेच आहे.

जायरोट्रॉनच का, हे दोन परिच्छेदांत उरकतो. क्लायस्ट्रॉन किंवा टीडब्ल्यूटी (ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब) या नेहमीच्या मायक्रोवेव्ह नळ्यांमध्ये बीमला तरंगाशी जोडणारी धातूची रचना तरंगलांबीच्या मापाची, किंबहुना तिच्याहून लहान असावी लागते. ४२ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ७.१४ मिमी. म्हणजे बीमला मिलिमीटरभराच्या भोकातून, भिंतीला न शिवता न्यायचं, आणि शक्ती वाढवली की त्या नाजूक जाळीला वितळू द्यायचं नाही. म्हणून अशा नळ्यांची सरासरी शक्ती वारंवारता वाढेल तशी झपाट्याने घसरते. क्लाउडसॅट उपग्रहावरच्या ९४ गिगाहर्ट्झच्या ढग-रडारमध्ये एक्स्टेंडेड इंटरॅक्शन क्लायस्ट्रॉन होता, तोही पल्समध्ये दीड-दोन किलोवॅटच्या घरातला. त्या कामाला तेवढं पुरतं, तुमच्या कामाला नाही.

जायरोट्रॉनमध्ये जाळी नसतेच. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरत पुढे सरकतात, आणि त्यांच्या फिरण्याची गती हीच वारंवारता ठरवते: दर टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ, भागिले सापेक्षतेचा गॅमा, म्हणजे वेगामुळे इलेक्ट्रॉन जितक्या पट जड होतो तो आकडा. ६५ किलोव्होल्टला गॅमा १.१२७ येतो. ज्या इलेक्ट्रॉनला ऊर्जा मिळते तो जड होऊन हळू फिरतो, ज्याची ऊर्जा जाते तो भरभर फिरतो, आणि त्यामुळे फेरीतच त्यांचे घोळके होतात. तरंगाची वारंवारता फिरण्याच्या वारंवारतेपेक्षा थोडी जास्त ठेवली की घोळका बरोबर ऊर्जा देण्याच्या बाजूला येतो. हा परिणाम १९५८-५९ मध्ये ट्विस, श्नायडर आणि गापोनोव यांनी वेगवेगळा मांडला. पहिला जायरोट्रॉन १९६४ मध्ये गोर्कीत, आजच्या निझनी नोवगोरोदमध्ये, चालला. कॅव्हिटी तरंगलांबीपेक्षा बरीच मोठी चालते हा त्याचा खरा फायदा. जर्मनीतल्या वेंडेलश्टाइन ७-एक्स या संलयन (फ्यूजन) प्रयोगाच्या १४० गिगाहर्ट्झ, १ मेगावॅटच्या नळीत कॅव्हिटीची त्रिज्या सुमारे साडेवीस मिमी आहे आणि तिथे तरंगलांबी जेमतेम २.१४ मिमी.

आता तुमचे आकडे. टीई-०,३ मोड (मोड म्हणजे कॅव्हिटीत तरंगाचं क्षेत्र ज्या ठरावीक नक्षीत बसतं ती नक्षी) धरला तर त्रिज्या ११.५७ मिमी. लांबी साधारण ४० मिमी, क्यू (रेझोनन्स किती टोकदार आहे याचं माप) सुमारे ९००. तांब्यात ४२ गिगाहर्ट्झला स्किन डेप्थ, म्हणजे प्रवाह धातूत जेवढा खोल शिरतो ते अंतर, ०.३२ मायक्रॉन, त्यावरून भिंतीतल्या नुकसानाचा क्यू आदर्श हिशोबात ३६,००० च्या आसपास. म्हणजे अडीच टक्के, २०० किलोवॅटमागे ५ किलोवॅट, भिंतीत जिरतात. पृष्ठभाग खडबडीत असला तर त्याच्या दीडपट-दुप्पट. सुमारे २९ चौरस सेंटिमीटरच्या भिंतीवर हे काहीच नाही. मेगावॅटच्या नळ्यांत जी मर्यादा जिवावर येते ती दर चौरस सेंटिमीटरला एक-दोन किलोवॅटची, आणि तुम्ही तिच्या बरेच खाली आहात. कॅव्हिटी सोपी म्हणतो ती यासाठी.

मशिनिंगवाल्यांसाठी खुलासा. बोअरची त्रिज्या १० मायक्रॉनने चुकली तर वारंवारता ३६ मेगाहर्ट्झने सरकते, आणि क्यू ९०० ला रेझोनन्सची रुंदीच ४७ मेगाहर्ट्झ आहे. अधिक-उणे ५ मायक्रॉन धरा. गोलाई त्याहून महत्त्वाची. पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.१ मायक्रॉन आरए किंवा कमी, कारण तो स्किन डेप्थच्या तुलनेत मोजायचा असतो. तांबं ओएफएचसीच, म्हणजे ऑक्सिजनमुक्त, घ्या. चिकट असतं, कार्बाइडने ओरबाडलं जातं, शेवटचा कट हिऱ्याच्या टूलने. मोजमाप २० अंशांच्या खोलीत करा. मे महिन्यात शेडमध्ये ३५ अंशाला मोजलंत तर २३ मिमीचा बोअर ६ मायक्रॉन मोठा दिसेल, आणि तुम्ही बरोबर झालेला नग नाकारून बसाल.

टीई-०,३ चा एक शेजारी त्रास देतो, त्याचा विचार आत्ताच करा. टीई-२,३ ची वारंवारता त्याच कॅव्हिटीत ४१.१६ गिगाहर्ट्झ येते. बीमची त्रिज्या ६.०६ मिमी घेतली (टीई-०,३ च्या जोडणीचं दुसरं शिखर तिथे आहे) तर टीई-२,३ सुद्धा तितक्याच आनंदाने जोडला जातो. दोघांत अंतर २ टक्के, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ०.०३ टेस्ला. वरच्या बाजूला टीई-५,२ आहे, ४३.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. व्होल्टेज चढत असताना गॅमा कमी असतो, फिरण्याची वारंवारता जास्त असते, म्हणून वाटेत आधी वरचा मोड भेटतो. तो एकदा जम बसवून बसला की हवा तो मोड उठतच नाही. पल्सचा चढ फार रेंगाळू देऊ नका, आणि पहिल्यांदा चालवताना चुंबकीय क्षेत्र १.६१ टेस्लाच्या दोन्ही बाजूंना बारीक पायऱ्यांनी फिरवून कुठे कुठला मोड उठतो याचा नकाशा करा. मोड ओळखायला कागदावरच्या जळक्या ठशावर विसंबू नका: फिरणाऱ्या टीई-२,३ चा ठसाही मध्यभागी रिकामा, वलयांचाच दिसतो. वारंवारताच मोजा, हार्मोनिक मिक्सर लावून. ४१.२ आणि ४२.० यांत गफलत होत नाही.

आता खरा विषय: गन, म्हणजे इलेक्ट्रॉन बीम तयार करणारा भाग.

मॅग्नेट्रॉन इंजेक्शन गन, म्हणजे शंकूच्या आकाराच्या कॅथोडवर उत्सर्जकाची एक अरुंद पट्टी. तिथून निघालेला पोकळ बीम वाढत्या चुंबकीय क्षेत्रात आवळत जातो आणि त्या आवळण्यात त्याच्या पुढच्या वेगाचं रूपांतर फिरण्याच्या वेगात होतं. गनजवळ ०.०८ टेस्ला, कॅव्हिटीत १.६१, म्हणजे २० पट आवळणं. त्रिज्या वर्गमुळाने घटते, म्हणून कॅव्हिटीत ६.०६ मिमी हवी तर कॅथोडवर २७.१ मिमी. १० अँपिअरसाठी उत्सर्जन दर चौरस सेंटिमीटरला अडीच अँपिअर ठेवलं तर पट्टी सव्वादोन ते अडीच मिमी रुंद. बेरियम मुरवलेल्या सच्छिद्र टंगस्टनचा डिस्पेन्सर कॅथोड हे सहज झेपवतो, हजार अंश सेल्सिअसच्या आसपास.

आणि इथे पाणी मुरतं. ऊर्जा फक्त फिरण्याच्या वेगातून निघते. फिरण्याचा वेग भागिले पुढचा वेग याला पिच फॅक्टर म्हणतात. तो १.३ असेल तर बीमच्या ऊर्जेतला ६३ टक्के भाग फिरण्यात असतो, आणि त्यातला निम्मा काढता आला की तुमचे ३१ टक्के झाले. पिच फॅक्टर १.० वर घसरला तर फिरण्यातला भाग ५० टक्क्यांवर येतो आणि सगळंच मंदावतं. वाढवत नेला तर काही इलेक्ट्रॉनांचा पुढचा वेग शून्य होतो, ते आरशावर आपटल्यासारखे मागे फिरतात, गन आणि कॅव्हिटीच्या मधे अडकून राहतात, आणि मग कॅथोडवर मारा, बीममध्ये थरथर, इन्सुलेटरवर स्पार्क असं सुरू होतं. हे टोक किती जवळ आहे बघा: गनजवळच्या कॉइलचं क्षेत्र १ टक्का कमी झालं तर पिच फॅक्टर सुमारे ४ टक्के वाढतो. म्हणून गन-कॉइलचा पुरवठा वेगळा, स्थिर आणि बारीक समायोजन होणारा घ्या. नळी चालवताना सगळ्यात जास्त हात त्याच बटणावर असतो.

कॅथोड तापमानाच्या मर्यादेत चालतो, म्हणजे करंट व्होल्टेजपेक्षा तापमान ठरवतं. तापलेल्या पृष्ठभागातून किती करंट निघतो हे सांगणाऱ्या रिचर्डसनच्या सूत्रात आकडे घातले तर हजार अंशाच्या आसपास १० अंशांचा फरक म्हणजे उत्सर्जनात १५ टक्क्यांचा फरक. वलयाची एक बाजू १० अंशांनी थंड असेल तर बीमही एका बाजूने बारीक. हीटरच्या वेटोळ्याची टोकं जिथे बाहेर येतात तिथे हमखास असं होतं. वलयाचं तापमान पायरोमीटरने आठ जागी मोजून नोंदवा, गन नळीत बसवण्याआधी, निर्वाताच्या घंटेत.

ड्रॉइंग करताना होणारी एक चूक जवळून पाहू. सिम्युलेशनमध्ये कॅथोडची जी मापं असतात ती गरम अवस्थेतली. मॉलिब्डेनमचा २७ मिमी त्रिज्येचा भाग हजार अंशांनी तापला की त्रिज्येत ०.१३ ते ०.१५ मिमी फुगतो, आणि आधाराची दांडी लांबीतही वाढते. उत्सर्जकाची पट्टी शेजारच्या नाकाच्या पृष्ठभागाशी अगदी समतल असायला हवी. ती दशांश मिमीभर वर किंवा खाली राहिली तर कडेचं विद्युतक्षेत्र वाकतं आणि वेगांचा पसारा वाढतो. सिम्युलेशनच्या मापाने थंड भाग कापला तर तापल्यावर गन वेगळीच होते. थंड ड्रॉइंग आणि गरम ड्रॉइंग असे दोन कागद ठेवा, दोन्हींवर तापमान लिहा, आणि मशीनवर फक्त थंड कागद जाईल याची काळजी घ्या. कॅथोडच्या पृष्ठभागावर क्षेत्र दर मिमीला ७ किलोव्होल्टच्या खाली ठेवा.

गनजवळच्या चुंबकीय शिस्तीबद्दल. कोवारची (लोखंड-निकेल-कोबाल्ट मिश्रधातूची) रिंग सिरॅमिकशी छान जुळते पण ती चुंबकीय आहे. गनच्या इन्सुलेटरला ती लागतेच, पण तिचा परिणाम सिम्युलेशनमध्ये धरा आणि ती अक्षाभोवती नीट सममित ठेवा. स्टेनलेस ३१६ एल घ्या आणि वेल्डिंगनंतर चुंबक लावून बघा. मॅग्नेटभोवती लोखंडी टेबल, मधोमध ईओटी क्रेनचा गर्डर, शेजारी शेडचा एमएसचा खांब, हे भोसरीतल्या कुठल्याही शेडचं चित्र आहे. ०.०८ टेस्लाच्या गनला एका बाजूचा खांबही जाणवतो. नळीचा अक्ष आणि चुंबकीय अक्ष यांत ०.२ मिमीच्या आत जुळणी हवी, आणि ती मॅग्नेटच्या धातूच्या भोकाशी करायची नाही, क्षेत्र मोजून करायची. मॅग्नेट आता द्रव हेलियम न लागणारे, क्रायोकूलरवर चालणारे मिळतात. तो सगळ्यात आधी मागवा, कारण यायलाही तोच सगळ्यात उशीर करतो. पेसमेकरवाल्यांसाठी ५ गाउसची रेषा जमिनीवर रंगाने आखून घ्या.

निर्वात आणि ब्रेझिंग हा तुमच्या वर्कशॉपला सगळ्यात नवा वाटणारा भाग असेल. सवयी बदलाव्या लागतात. पितळ आत नको, कारण त्यातलं जस्त तापलं की उडतं आणि कॅथोडवर बसतं. कॅडमियम प्लेटिंगचे बोल्ट नकोत. गंधक किंवा सिलिकॉन असलेलं कटिंग ऑइल नको. बोटांचे ठसे नकोत, त्यातलं क्लोराइड कॅथोडला विष आहे. बंद तळाच्या आट्यात स्क्रू घट्ट केला की तळाशी हवा कोंडते आणि महिनोन्‌महिने झिरपत राहते. लीक डिटेक्टरला ती दिसत नाही कारण गळती बाहेरून नाहीच. अशा स्क्रूंना मधून आरपार भोक पाडा. साधं तांबं हायड्रोजन भट्टीत टाकलं तर आतल्या ऑक्सिजनशी हायड्रोजन जुळून वाफ होते आणि तांबं आतून फुटतं. ओएफएचसीचा आग्रह त्यासाठीही आहे.

ब्रेझिंग पायऱ्यांनी होतं: आधी वरच्या वितळबिंदूचा सोनं-तांबे मिश्रधातू, ३५-६५ चा, हजार अंशांच्या थोडा वर. मग पुढचे सांधे चांदी-तांब्याच्या ७२-२८ ने, ७८० अंशांना. उलट क्रम लावला तर दुसऱ्या फेरीत पहिले सांधे सुटतात. पुण्यात व्हॅक्यूम ब्रेझिंगची जॉबवर्क करणारी भट्टी शोधायला कष्ट नाहीत, पण तीच भट्टी काल जस्त किंवा कॅडमियमच्या फिलरने भरली होती का हे विचारा. भिंतीवर बसलेला थर तुमच्या नळीवर येतो. आधी स्वच्छ तांब्याचा तुकडा घालून एक रिकामी फेरी मारून घ्या, तुकडा काळवंडला तर दुसरी भट्टी बघा.

प्रत्येक सांध्याची हेलियम लीक टेस्ट, दहाचा उणे दहावा घात मिलिबार-लिटर प्रति सेकंद या पातळीला. सगळं जुळवल्यावर नाही, प्रत्येक उपजुळणीची. मग बेकिंग: ४०० ते ४५० अंश, दोन-तीन दिवस सलग, दाब दहाचा उणे सहावा घात मिलिबारच्या वर जाऊ न देता. आणि इथे पुण्याची खास अडचण, गुरुवार, म्हणजे देखभालीसाठी वीज जाण्याचा वार. बेकिंगच्या मधे देखभालीसाठी वीज गेली, पंप थांबला आणि नळी ४०० अंशांवर असताना दाब वर गेला, तर सगळं मुसळ केरात. शुक्रवारी सकाळी सुरू करा, सोमवारी संपवा, आणि तरीही पंप आणि व्हॉल्व्हसाठी यूपीएस ठेवा. वीज जाताच पंपाकडचा व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला पाहिजे.

कॅथोड जागा करणं म्हणजे ॲक्टिव्हेशन. तापमान पायरी-पायरीने ११०० ते ११५० अंशांपर्यंत, दाब दहाचा उणे सातवा घात ओलांडला की थांबायचं, उतरला की पुढे. घाई केली तर बेरियम उधळतो आणि इन्सुलेटरवर बसतो, मग उच्च दाबाला तीच जागा फुटते. नळी चालताना दहाचा उणे आठवा घात किंवा त्याखाली. जोडलेला आयन पंप हाच तुमचा प्रेशर गेज आणि हाच तुमचा पहिला इंटरलॉक.

विंडोबद्दल, म्हणजे ज्या चकतीतून तरंग निर्वातातून बाहेर पडतात तिच्याबद्दल, फार नाही. छोट्या पल्सला नीलम, म्हणजे सफायर, पुरतो. सी-अक्षाने कापलेला घेतला तर डायइलेक्ट्रिक स्थिरांक ९.४, अर्धी तरंगलांबी १.१६४ मिमी, तीन अर्ध्या म्हणजे ३.४९ मिमी जाडी. जाडीत २० मायक्रॉन चुकलं तर अर्धा टक्का शक्ती परत येते. लॉस टॅन्जंट (पदार्थ तरंगाची ऊर्जा किती शोषतो याचं माप) दहाचा उणे चौथा घात धरला तर ३०० वॅटच्या आसपास शोषले जातात, छोट्या पल्समध्ये नगण्य. सीव्हीडी (वायूपासून थर जमवून बनवलेल्या) हिऱ्याच्या चकत्या मेगावॅटच्या, सतत चालणाऱ्या नळ्यांसाठी: तिथे १.८ मिमीची चकती १४० गिगाहर्ट्झला १ मेगावॅटमागे ३५० वॅट घेते आणि कडेच्या पाण्याने ते निघून जातात. तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही, विक्रेता कितीही म्हणाला तरी.

कलेक्टर, म्हणजे काम झालेला बीम जिथे उतरतो तो भाग, ४५० किलोवॅटचा बनवायचा असं वाटेल. नाही, ६५० चा. ज्या पल्सला दोलन सुरूच झालं नाही त्या पल्सला सगळा बीम तिथे उतरतो, आणि सुरुवातीच्या दिवसांत असे पल्स बहुसंख्य असतात. तांब्याच्या पाण्याने थंड केलेल्या भिंतीला सततच्या कामात दर चौरस सेंटिमीटरला ५०० वॅट हा आवाका. ६५० किलोवॅटला १३०० चौरस सेंटिमीटर, तेही बीम अगदी समान पसरला तर. ८५ मिमी व्यासाच्या नळीत हे अर्धा मीटर होतं. बीम कधीच समान पसरत नाही, म्हणून मीटरभर. शिवाय सतत चालवायचं तर २० अंशांच्या वाढीला मिनिटाला ४६५ लिटर पाणी. ही सगळी उठाठेव छोटा पल्स वाचवतो. पल्स ५० मायक्रोसेकंदांचा असेल तर एका पल्सची ऊर्जा ३३ जूलच. म्हणून पहिलं ध्येय तिथेच ठेवा, मिलिसेकंद नंतर. पाणी मात्र आत्तापासून डीआयचंच, म्हणजे क्षारमुक्त. बोअरच्या जड पाण्याचा खार चॅनलमध्ये बसला की तो भाग कुठल्याही हिशोबात बसत नाही.

वीजपुरवठ्यात दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि त्या एकमेकींच्या मुळावर येतात. पहिली, स्थिरता. व्होल्टेज १ टक्का हललं की फिरण्याची वारंवारता ४७ मेगाहर्ट्झने हलते, म्हणजे बरोबर रेझोनन्सच्या रुंदीइतकी. म्हणून पल्सभर अर्धा टक्का. १० अँपिअर, ५० मायक्रोसेकंद, अर्धा टक्का घट एवढ्यासाठी दीड मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लागतो, आणि ६५ किलोव्होल्टला त्यात सव्वातीन हजार जूल साठतात. दुसरी मागणी, नळीत आर्क झाला तर तिच्या वाट्याला १० जूलपेक्षा जास्त जाता कामा नयेत, नाहीतर गनच्या पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि ती पुन्हा पूर्ण व्होल्टेज धरत नाही. म्हणजे मधे असा स्विच हवा जो १० मायक्रोसेकंदांत उघडतो, किंवा क्रोबार जो तेवढ्यात सगळं जमिनीत घालतो. केबलही विसरू नका: मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर २० मीटर केबलच ४ जूल साठवते, आणि ती स्विचच्या पलीकडे, नळीच्या बाजूला आहे. पुरवठा नळीच्या शेजारी ठेवा. नळी जोडण्याआधी तार-चाचणी करा: १० जूलला वितळेल अशी तांब्याची बारीक तार लावून मुद्दाम शॉर्ट करा. तार शाबूत राहिली तरच नळीचा नंबर. जून ते सप्टेंबर उघड्यावरचे ६५ किलोव्होल्टचे इन्सुलेटर दमट हवेत पृष्ठभागावरून फुटतात. टोकं तेलाच्या टाकीत घ्या, टाकीच्या ब्रीदरला, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या नळीला, सिलिका जेल लावा.

६५ किलोव्होल्टचे इलेक्ट्रॉन तांब्यावर आपटतात म्हणजे क्ष-किरण येणारच. कलेक्टरभोवती शिशाचं कवच आणि एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) परवानगीची चौकशी डिझाइनच्या टप्प्यावरच करा. आउटपुट कधीही उघडं सोडायचं नाही, अगदी एका पल्सपुरतंही. या वारंवारतेची शक्ती कातडीच्या वरच्या थरात जिरते आणि डोळ्याला कळायच्या आत इजा होते.

एवढं वाचून हे एका शेडचं काम नाही असं वाटलं तर ते बरोबर आहे. देशात याच मापाचा, ४२ गिगाहर्ट्झ आणि २०० किलोवॅटचा, जायरोट्रॉन हाती घेतला गेला तेव्हा पिलानीची सीरी, मुंबईची समीर, गांधीनगरची आयपीआर या संशोधन संस्था, आयआयटी रुरकी आणि बनारस हिंदू विद्यापीठाची तंत्रज्ञान संस्था अशी वाटणी होती. तुम्ही काय करावं? कॅव्हिटी, आउटपुट टेपर (कॅव्हिटीपुढचा रुंदावत जाणारा भाग), डमी लोड (बाहेर आलेली शक्ती शोषून घेणारा भाग) आणि कलेक्टरचे भाग तुमच्या यंत्रांवर आजच होऊ शकतात, आणि त्यांची थंड, म्हणजे बीमशिवायची, चाचणी नेटवर्क ॲनालायझरवर महाविद्यालयात. टेपरकडे दुर्लक्ष करू नका: ११.५७ मिमी त्रिज्येवरून ४२.५ मिमीवर जाताना आकार सरळ शंकूचा ठेवला तर टीई-०,३ मधली शक्ती टीई-०,२ आणि टीई-०,४ मध्ये गळते, म्हणून हळूच वळणारा, अरेषीय आकार लागतो. सीएनसीवाल्यांचं कौशल्य इथे दिसतं. गन मात्र पहिली स्वतः बनवू नका. कॅथोड विकत घ्या, गन एका साध्या डायोड नळीत, कॅव्हिटीशिवाय, आधी चालवून दाखवा. ती तीनशे तास नीट चालली की मग पुढे.

पहिल्यांदा पूर्ण नळी चालवायचा क्रम असा ठेवा. आधी थंड कॅथोडवर नुसतं व्होल्टेज, २० पासून ७० किलोव्होल्टपर्यंत, एकेक किलोव्होल्टने. प्रत्येक स्पार्कनंतर थोडं खाली येऊन पुन्हा वर. मग कॅथोड तापवून १ अँपिअर, ५ मायक्रोसेकंद. बॉडी करंट बघा, म्हणजे जो बीम कलेक्टरला न पोचता मधल्या भिंतींना लागतो तो. स्टिअरिंग कॉइलने तो किमान करा. एकूण करंटच्या एक टक्क्याच्या वर गेला तर पुढे जायचं नाही, नळी तिरकी बसली आहे. बीमच्या बोगद्यात, गन आणि कॅव्हिटीच्या मधे, कमी मोडचं अवांतर दोलन उठू शकतं. १० मिमी त्रिज्येचा बोगदा टीई-०,३ ला अडवतो, पण खालच्या मोडना नाही. तिथे तांब्याच्या आणि शोषक सिरॅमिकच्या रिंगा आलटून-पालटून लावलेल्या असाव्यात, नसतील तर आत्ताच ड्रॉइंग बदला. मग करंट ३, ५, ८, १० अँपिअर. प्रत्येक पायरीला मोडचा नकाशा.

शक्ती मोजताना एक फसगत ठरलेली. २०० किलोवॅट, ५० मायक्रोसेकंद म्हणजे १० जूल. सेकंदाला एक पल्स धरला तर डमी लोडमध्ये सरासरी १० वॅट. मिनिटाला २ लिटर पाणी सोडलंत तर तापमान ०.०७ अंशांनी वाढेल, आणि जो आकडा येईल तो शेडमधल्या पंख्याचा. पाणी मिनिटाला ०.२ लिटरवर आणा, नळ्यांना गुंडाळा, अर्धा तास स्थिर होऊ द्या. मग डमी लोड, कलेक्टर आणि बॉडी या तिन्हींच्या पाण्यातली उष्णता एकत्र करून पुरवठ्यातून गेलेल्या ऊर्जेशी ताडून बघा. बेरीज ५ टक्क्यांहून जास्त कमी भरली तर शक्ती कुठेतरी निसटते आहे: गनच्या सिरॅमिकमधून, आयन पंपाच्या तोंडातून, नाहीतर विंडोच्या कडेने. ती जागा सापडेपर्यंत पल्स ५० मायक्रोसेकंदांच्या पुढे नेऊ नका.